आकारांच्या संचाला मालक हवा

आकृत्या काढण्याचे काम ज्यांच्या गळ्यात असते त्यांना विचारून पाहा, वेळ जातो कुठे? काढण्यात कमी, शोधण्यात जास्त. एखाद्या गावच्या पाणीपुरवठा योजनेची रेषाकृती घ्या. नदीकाठची जॅकवेल, तिथून निघणारी रायझिंग मेन, जलशुद्धीकरण केंद्र, टेकाडावरचा जलकुंभ, गावात उतरणाऱ्या वितरणवाहिन्या, आणि वाटेत स्लुइस व्हॉल्व्ह, एअर व्हॉल्व्ह, स्कावर व्हॉल्व्ह. यातले पंप आणि झडपा सॉफ्टवेअरच्या तयार आकारांत मिळून जातात. जॅकवेल मिळत नाही. मग कुणीतरी ती एकदा मन लावून काढतो, विहीर, वर पंपघर, काठापासून आत जाणारा पूल, सगळे नीट. आणि आपल्या संगणकावर जपून ठेवतो. शेजारच्या टेबलावर त्याची खबर नसते. तिथे दुसरी जॅकवेल जन्माला येते, वर्षभरात तिसरी. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालायचा हा प्रकार इतका सर्रास आहे, की त्याला कुणी चूकही म्हणत नाही. मला वाटते, याचे मूळ आळसात किंवा बेशिस्तीत नाही. स्वतः तयार केलेल्या आकारांचा संच ही आपण काढणाऱ्याची खासगी सोय मानतो, तिथे ते आहे. असा संच हा कार्यालयाचा दस्तऐवज आहे. त्यात काय घ्यायचे, काय काढून टाकायचे हे ठरवणारा एक माणूस हवा, आणि ते काम आपल्या वतीने कोणतेही सॉफ्टवेअर करणार नाही, कारण त्याची घडणच तशी नाही.

वस्तू नेमकी राहते कुठे, इथपासून सुरुवात करू. व्हिजिओ हे या क्षेत्रातले जुने नाव. सिएटलच्या शेपवेअर कंपनीने ते १९९२ मध्ये बाजारात आणले आणि २००० मध्ये ते मायक्रोसॉफ्टच्या पदरी पडले. त्यात आकाराच्या मूळ नमुन्याला मास्टर म्हणतात आणि मास्टर ज्या फाइलमध्ये नांदतात तिला स्टेन्सिल. २०१३ च्या आवृत्तीपासून ही फाइल व्हीएसएसएक्स प्रकारात साठते. त्याआधीच्या व्हीएसएस फाइली आजही जुन्या फोल्डरांत पडून असतात. आपण नवे स्टेन्सिल साठवायला गेलो की व्हिजिओ आपणहून 'माय शेप्स' हा फोल्डर पुढे करतो. हा फोल्डर लॉगिन करणाऱ्याच्या डॉक्युमेंट्समध्ये असतो, आणि मेख इथेच आहे. माणसाची बदली झाली, संगणक बदलला, विंडोज नव्याने टाकली, की संच गेला. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डच्या अगदी तळाशी 'फाइल लोकेशन्स' नावाचे बटण आहे. तिथे स्टेन्सिलच्या रकान्यात सामायिक ड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता घालता येतो आणि मग सगळ्यांना एकच संच दिसतो. सोय जुनी आहे, फुकट आहे, पण पानाच्या तळाशी आहे, म्हणून बहुतेकांच्या गावीही नसते. दुसरी एक बारीक गोष्ट. साठवलेले स्टेन्सिल नेहमी केवळ वाचण्यासाठी उघडते. त्यात भर घालायची तर त्याच्या नावावर उजवी क्लिक करून 'एडिट स्टेन्सिल' म्हणावे लागते, तेव्हा नावाजवळच्या चिन्हावर लहानसा लाल तारा उमटतो. तो तारा म्हणजे आता सगळ्यांच्या वस्तूला हात लागतोय अशी सूचना. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी इथे दार मुद्दाम जड ठेवले आहे आणि ते योग्यच केले. अडचण अशी, की ते दार उघडायचे कुणी, हे ठरवायला ते येणार नाहीत.

याहून खोल गोष्ट पुढे आहे, आणि माझ्या म्हणण्याचा खरा आधार तोच आहे. व्हिजिओत स्टेन्सिलमधून आकार पानावर ओढला की त्या मास्टरची एक प्रत त्या ड्रॉइंग फाइलच्या पोटात जाऊन बसते. अशा प्रतींच्या या साठ्याला डॉक्युमेंट स्टेन्सिल म्हणतात. तिथून पुढे पानावरच्या आकाराचे नाते या पोटातल्या प्रतीशी. सामायिक फोल्डरमधल्या मूळ स्टेन्सिलशी त्याचे देणेघेणे संपते. मूळ जॅकवेल तुम्ही आज सुधारली तरी काल काढलेल्या ड्रॉइंगमधली जॅकवेल जशीच्या तशी राहते. ब्राउझरमध्ये चालणारे ड्रॉ.आयओ हे साधन तर आणखी एक पाऊल पुढे जाते. त्याची लायब्ररी ही एक साधी एक्सएमएल फाइल असते. आत प्रत्येक आकाराचा मजकूर, रुंदी, उंची आणि शीर्षक. त्यातून पानावर आलेला आकार हा सुटा तुकडा असतो. तो कुठल्या लायब्ररीतून आला याचा मागमूस उरत नाही. याउलट डिया. लिनक्सवर वाढलेले हे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या टोकाचे आहे. तिथे आकाराची व्याख्या वेगळ्या शेप फाइलमध्ये असते, कोणते आकार एका गटात दाखवायचे ते शीट फाइलमध्ये, आणि ड्रॉइंगमध्ये फक्त आकाराच्या प्रकाराचे नाव व त्याची मापे लिहिलेली असतात. व्याख्या सुधारा, जुनी ड्रॉइंग उघडा, नवा आकार दिसेल. मात्र तीच ड्रॉइंग ज्याच्याकडे शेप फाइल नाही अशा माणसाला पाठवली, तर त्याच्या पडद्यावर जॅकवेलच्या जागी काहीच नसते. ऑटोकॅडवाल्यांना हा भेद ब्लॉक आणि एक्सरेफ या नावांनी केव्हापासूनच ठाऊक आहे: ब्लॉक पोटात घेऊन चालतो, एक्सरेफ बाहेरच्या फाइलकडे बोट दाखवतो.

दोन्ही पद्धतींना आपापली कारणे आहेत. प्रत पोटात घेणारी फाइल कुठेही पाठवली तरी शाबूत उघडते. मंजूर होऊन सही झालेल्या आकृतीत मागाहून आपोआप बदल होणे तर कुणालाच परवडणारे नाही. बोट दाखवणारी फाइल एकसारखेपणा राखते, पण प्रवासात मोडते. यातली एक बरोबर आणि दुसरी चूक असे म्हणण्यात अर्थ नाही. आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढे: आज बहुसंख्य लोक जी साधने वापरतात ती प्रत काढणारी आहेत, त्यामुळे संचातली चूक दुरुस्त केली म्हणजे आकृत्यांतली चूक दुरुस्त झाली, हा समज खोटा आहे. चुकीचा आकार संचातून शंभर ठिकाणी गेला की तो शंभर ठिकाणीच शोधावा लागतो. म्हणून संचाच्या दाराशी, आकार आत घेतानाच, पारख व्हायला हवी. व्हिजिओत मास्टरच्या गुणधर्मांत 'मॅच मास्टर बाय नेम ऑन ड्रॉप' अशी एक चौकट आहे. ती खुणावलेली असेल आणि ड्रॉइंगच्या पोटात त्याच नावाचा मास्टर आधीच असेल, तर तुम्ही नवा आकार ओढून आणला तरी पानावर जुनाच उतरतो. खुणावलेली नसेल तर एकाच नावाचे दोन वेगळे मास्टर पोटात राहतात आणि त्यांना वेगळे ठेवण्यासाठी नावामागे टिंब आणि आकडा चिकटतो. दोन्ही वर्तने आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत. पण नाव तेच ठेवून आतला आकार बदलायचा, ही सवय दोन्ही बाबतीत अंगाशी येते.

आकारातला फरक इतका का मनावर घ्यायचा, असे वाटू शकते. झडपेचे चिन्ह जवळून पाहा. दोन त्रिकोण टोकाला टोक भिडवून आडवे ठेवले की साधी झडप होते. मधोमध भरीव ठिपका दिला की ग्लोब व्हॉल्व्ह. तोच ठिपका पोकळ ठेवला की बॉल व्हॉल्व्ह. दोन्ही त्रिकोण काळे भरले तर बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ एरवी बंद राहणारी झडप. म्हणजे इथे रंग भरणे ही सजावट नाही, ते वाक्यातले क्रियापद आहे. आता कुणी हौसेने स्वतःच्या संचात ही झडप थोडी लहान, जाड रेघेची केली, आणि आकृती ए-४ कागदावर छापली, तर पोकळ ठिपका शाईने भरून निघतो आणि बॉल व्हॉल्व्हचा ग्लोब व्हॉल्व्ह होतो. कुणी व्हिजिओच्या थीमवर क्लिक करून पान देखणे केले, तर मास्टरला थीमपासून संरक्षण दिलेले नसल्यास उघड्या झडपा रंगाने भरल्या जातात. कुणी इंटरनेटवरून झडपेचे चित्र उतरवून संचात टाकले, तर चित्राच्या कडेला पांढरी मोकळी पट्टी असते. पाइपची रेघ त्या अदृश्य चौकटीला जोडली जाते आणि झडपेच्या तोंडाआधीच हवेत संपते. नीट केलेल्या मास्टरला जोडबिंदू असतात, नेमके दोन्ही तोंडांवर. झडप सरकवली की पाइप मागोमाग येतो. पडद्यावर दोन्ही झडपा सारख्याच दिसतात, आणि फरक कळतो तो बदल करायच्या दिवशी.

संगणकाच्या आधीचा एक दाखला इथे उपयोगी पडतो. आयबीएम आपल्या प्रोग्रामरांना फ्लोचार्ट काढण्यासाठी प्लास्टिकची पट्टी देत असे, चौकोन, शंकरपाळा, समांतरभुज अशी भोके पाडलेली. तिच्यात भर घालता येत नसे, आणि ती ज्या कागदी पाकिटातून येई त्यावर प्रत्येक चिन्हाचा अर्थ छापलेला असे. फ्लोचार्टची चिन्हे पुढे १९८५ मध्ये आयएसओ ५८०७ या मानकात बांधली गेली, पण पट्टी वापरणाऱ्याला मानक वाचायची गरज पडत नसे; पाकीट पुरे होते. आपण डिजिटल झालो तेव्हा पट्टी घेतली आणि पाकीट टाकून दिले. खरे तर त्याची जागा रिकामी ठेवलेली आहे. व्हिजिओच्या प्रत्येक मास्टरला नावाखेरीज 'प्रॉम्प्ट' असतो, माउस वर नेला की दिसणारे एक-दोन ओळींचे वर्णन. आणि 'कीवर्ड्स' असतात, ज्यांवरून शोध चालतो. बहुतेक घरगुती स्टेन्सिलांत हे दोन्ही रकाने कोरे असतात आणि नावाच्या जागी व्हिजिओने आपणहून दिलेले 'मास्टर.७' तसेच राहून गेलेले असते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: शोधपेटी आहे ना, मग वर्गवारी आणि नावांचा एवढा बाऊ कशाला? शोधपेटी लिहिलेल्या गोष्टी शोधते. 'मास्टर.७' असे नाव आणि कोरे कीवर्ड असलेल्या जॅकवेलपर्यंत ती कशी पोचणार? मराठीत काम करणाऱ्यांची अडचण तर दुप्पट. एकाने आकाराला 'झडप' म्हटलेले असते, दुसऱ्याने 'व्हॉल्व्ह', तिसऱ्याने 'वॉल्व', चौथ्याने इंग्रजीत लिहून सोडलेले. संगणकाला या चार वेगळ्या अक्षरमालिका. युनिकोडपूर्वीच्या फॉण्टांत टंकलेली जुनी नावे तर नव्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ म्हणून उघडतात. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. नाव एकच ठरवायचे आणि बाकी सगळी रूपे, शुद्ध-अशुद्ध दोन्ही, कीवर्डच्या रकान्यात ओतायची. एका आकाराला दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे जो आकार काढतो तो देत नाही, कारण त्याला स्वतःला तो शोधायचा नसतो, कुठे ठेवला ते त्याच्या डोक्यात असते. म्हणून हे काम काढणाऱ्यावर सोपवून चालत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मानक चिन्हे आहेत, कंपन्या स्वतःचे तयार संच देतात. मग घरचा संच लागतोच कशाला? सिस्कोची नेटवर्कची चिन्हे आहेत, ॲमेझॉनच्या क्लाउड सेवांची आहेत, उपकरणांच्या आकृत्यांसाठी आयएसए ५.१ हे मानक आहे. जिथे तयार चिन्ह आहे तिथे ते वापरावे, घरी नवे पाडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. उलट घरच्या संचातले निम्मे आकार याच कारणाने काढून टाकण्यासारखे असतात. पण तयार संचही एका जागी उभा राहत नाही. ॲमेझॉन आपली चिन्हे वेळोवेळी बदलते, आणि ड्रॉ.आयओमध्ये त्यांचे गट 'एडब्ल्यूएस १७', 'एडब्ल्यूएस १८' असे सालाने ओळखले जाऊ लागले ते त्यामुळेच. आयएसए ५.१ ची १९८४ ची आवृत्ती होती, मग २००९ ची आली. कोणत्या सालचा संच या प्रकल्पात वापरायचा, हा निर्णय कुणीतरी घ्यावाच लागतो. नाहीतर एकाच पानावर एकाच सेवेची दोन वेगवेगळ्या रंगांची चिन्हे शेजारी शेजारी उभी राहतात आणि वाचणारा त्यात नसलेला अर्थ शोधत बसतो. शिवाय जॅकवेल आहेच. प्रत्येक क्षेत्रात, प्रत्येक कार्यालयात अशा दहा-वीस गोष्टी असतात ज्या कुणाच्याच तयार संचात सापडत नाहीत. घरचा संच तेवढ्यापुरताच असावा.

आणखी एक मत अलीकडे ऐकू येते: मर्मेड किंवा प्लँटयूएमएलसारख्या साधनांत मजकूर लिहिला की आकृती आपोआप तयार होते, तेव्हा आकारांचे संच सांभाळणे हा जुना धंदा झाला. जिथे चौकटी आणि बाण एवढ्यावर भागते, त्या सॉफ्टवेअरच्या आकृत्यांपुरते हे बरेचसे खरे आहे. पाइप आणि झडपांच्या, विजेच्या, इमारतीच्या आकृत्यांना ते लागू पडत नाही. आणि सॉफ्टवेअरच्या आकृत्यांतही मुद्दा टळत नाही, जागा बदलतो. प्लँटयूएमएलमध्ये बाहेरची चिन्हे हवी असतील तर ती 'इन्क्लूड'च्या ओळीने फाइलीतून आणावीच लागतात, म्हणजे फिरून कुणाची फाइल, कोणती आवृत्ती हाच प्रश्न.

राहिला स्वातंत्र्याचा प्रश्न. संचाला एक मालक नेमला की काढणाऱ्याच्या हाताला लगाम बसतो, प्रत्येक नव्या आकारासाठी परवानगी मागत बसावे लागते, काम अडते. ही भीती खोटी नाही. ज्या कार्यालयात कागद सही होऊन यायला आठवडा लागतो तिथे लोक संचाला वळसा घालून पुन्हा आपापली जॅकवेल काढू लागतील. म्हणून मालकाने परवानगी देणारा साहेब होऊ नये. त्याची भूमिका संपादकाची आहे. आकार कुणीही काढावा, लगेच वापरावा. तो सामायिक संचात येताना मात्र त्याचे नाव, वर्णन, जोडबिंदू, छपाईतले माप आणि जुन्या आकाराशी होणारा गोंधळ संपादकाने तपासावा. त्याच्या कामाचा दुसरा, जास्त अवघड भाग म्हणजे काढून टाकणे. भर घालायला सगळे उत्सुक असतात. वजाबाकी कुणालाच नको असते. चारशे आकारांचे स्टेन्सिल अभिमानाने दाखवणारी कार्यालये असतात आणि त्यातले तीस आकार वापरात असतात. ड्रॉइंगच्या पोटात प्रती सुरक्षित असल्यामुळे संचातून आकार काढल्याने एकही जुनी आकृती बिघडत नाही. प्रत काढण्याच्या पद्धतीचा हा फायदा आपण घेतच नाही. अगदीच जीव होत नसेल तर जुने आकार 'निवृत्त' अशा वेगळ्या फाइलीत हलवावेत आणि ती फाइल 'फाइल लोकेशन्स'मधल्या फोल्डरात ठेवू नये. स्टेन्सिलच्या नावात साल आणि महिना असावा, आणि कोणता आकार केव्हा बदलला याची एक साधी नोंदवही शेजारीच असावी. ड्रॉ.आयओची लायब्ररी साधी मजकुराची फाइल असल्यामुळे तिच्या आवृत्त्या गिटमध्ये ठेवता येतात. आणि एका पत्त्यावर ठेवून 'क्लिब्स' हा पर्याय जोडलेला दुवा सगळ्यांना दिला, की तो दुवा उघडणाऱ्या प्रत्येकाला तीच लायब्ररी डाव्या पट्टीत दिसते. व्हिजिओची फाइल गिटमध्ये ठेवली तरी आत काय बदलले ते वाचता येत नाही, तिथे नोंदवहीला पर्याय नाही.

हे सगळे वाचून संपादक नेमायला सवड मिळेल तेव्हा मिळेल. एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. ब्राउझरमध्ये ड्रॉ.आयओ वापरणारे बरेच जण आपले आकार डावीकडच्या स्क्रॅचपॅडमध्ये टाकतात आणि ते साठले असे समजतात. स्क्रॅचपॅड त्या एका ब्राउझरच्या साठवणीत असतो; कुणी ब्राउझरचा डेटा साफ केला की तो रिकामा होतो. त्याच्या शीर्षकाजवळच्या पेन्सिलवर क्लिक करा, 'एक्सपोर्ट' म्हणा, आणि ती फाइल स्वतःच्या संगणकावर न ठेवता सर्वांच्या फोल्डरमध्ये ठेवा.